अपग्रेडला ‘नाही’ म्हणतंय कोण?

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०बाबत हात आखडता घेतला आणि त्या दिवशी एकही कॉम्प्युटर बंद पडला नाही. दुकानातला बिलिंगचा पीसी दुसऱ्या दिवशीही चालू झाला, सोसायटीच्या ऑफिसात मेंटेनन्सचा हिशेब उघडला, झेरॉक्सवाल्याकडे सातबाऱ्याचे प्रिंट निघत राहिले. थांबलं ते इतकंच, की महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघणारी सुरक्षेची दुरुस्ती या मशीनना आपोआप मिळेनाशी झाली. यापुढे विंडोज १०मध्ये एखादं नवं भोक सापडलं, तर ते उघडंच राहणार. बँकेचे व्यवहार करणाऱ्या, ईमेलवर येणारी कुणाचीही फाइल उघडणाऱ्या पीसीसाठी ही गोष्ट किरकोळ नाही.

म्हणून लोक विंडोज ११ टाकायला बसले, आणि २०१२ ते २०१७च्या दरम्यान डेस्कटॉप घेतलेल्या बहुतेकांना पडद्यावर एकच उत्तर मिळालं: हा पीसी किमान अटी पूर्ण करत नाही. काहींच्या नशिबी तेही नव्हतं. अपग्रेड सुरू झालं, टक्के चढत गेले, दोनदा रिस्टार्ट झालं आणि शेवटी मशीन मुकाट्याने जुन्या विंडोजवर येऊन बसलं. अशा वेळी दुरुस्तीवाल्याचं निदान ठरलेलं असतं. एक तर ‘बोर्ड जुना झालाय, नवीन घ्या’, नाहीतर ‘फॉरमॅट मारून टाकू’. दोन्ही कधीकधी बरोबरही असतात. पण त्याआधी हा नकार नेमका कोणाचा आहे ते बघायला हवं. जुन्या डेस्कटॉपवर काही नकार कंपनीच्या नियमाचे असतात, काही बायोसमध्ये बंद राहिलेल्या एखाद्या सेटिंगचे, काही डिस्कच्या मांडणीचे. आणि खुद्द चिपला जमत नाही म्हणून आलेले फारच थोडे.

आधी नियम बघू. विंडोज ११ची घोषणा २४ जून २०२१ला झाली आणि ५ ऑक्टोबरला ती बाजारात आली. दोन कोअरचा ६४ बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, एवढ्यात भिण्यासारखं काही नाही. दहा वर्षांपूर्वीचा बरासा डेस्कटॉप हे सहज देतो. खरी मेख पुढे आहे: टीपीएम २.०, सिक्युअर बूट आणि मंजूर प्रोसेसरांची यादी. यादीत इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचे आणि एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून पुढचे प्रोसेसर आहेत. त्याआधीचे, मोजके अपवाद वगळता, बाहेर.

ही रेघ कुठून ओढली आहे ते एका जोडीवरून कळतं. सातव्या पिढीचा आय५-७५०० जानेवारी २०१७मध्ये आला आणि आठव्या पिढीचा आय३-८१०० त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. दोघांनाही चार कोअर, वेगातही डावं-उजवं करावं इतका फरक नाही. पण आय३ आत आणि आय५ बाहेर. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं असं, की अटी न पाळणाऱ्या मशीनवर चाचणीत कर्नल कोसळण्याचं प्रमाण ५२ टक्क्यांनी जास्त दिसलं, शिवाय विंडोजच्या गाभ्याला इतर प्रोग्रॅमपासून वेगळं ठेवणाऱ्या नव्या संरक्षणाचा भार जुन्या चिपना झेपत नाही. हा युक्तिवाद पोकळ नाही. तरीही जानेवारी आणि ऑक्टोबर यांच्या मधून गेलेली रेघ इंजिनिअरपेक्षा धोरण ठरवणाऱ्याने ओढलेली वाटते, असं माझं मत आहे. सातव्या पिढीतल्या ज्या थोड्या चिपना नंतर सूट मिळाली त्यांत आय७-७८२०एचक्यू आहे, आणि ती मायक्रोसॉफ्टच्याच सरफेस स्टुडिओ २ या मशीनमध्ये बसवलेली होती, हा योगायोग बोलका आहे.

आता चिपचा खरा नकार. विंडोज ११ची २४एच२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२४मध्ये आली आणि तिने पॉपसीएनटी आणि एसएसई ४.२ या प्रोसेसरमधल्या सूचना अनिवार्य केल्या. इंटेलच्या २००८ अखेरच्या पहिल्या ‘कोअर आय’ प्रोसेसरपासून या सूचना आहेत. त्याआधीच्या कोअर टू ड्युओ आणि कोअर टू क्वाडमध्ये नाहीत. त्यामुळे तिथे कुठलीही युक्ती चालत नाही, विंडोज सुरूच होत नाही. दुसरा असाच पक्का नकार ३२ बिटचा. दोन-दोन जीबी रॅम असलेल्या पीसींवर आपल्याकडे सर्रास ३२ बिटची विंडोज टाकली जायची. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये आहे आणि ३२ बिटवरून तिच्यावर थेट अपग्रेड होत नाही. प्रोसेसर ६४ बिटचा असला तरी नव्यानेच टाकावी लागते. एखाद्या पतसंस्थेत फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला डॉसचा हिशेबी प्रोग्रॅम अजून चालत असेल, तर तो ३२ बिट विंडोजच्या जिवावर चाललेला असतो. ६४ बिटवर तो डॉसबॉक्ससारख्या एखाद्या आधाराशिवाय उघडणार नाही. हे आधी कळलेलं बरं, मार्चअखेरीला नव्हे.

हे दोन सोडले तर बाकीच्या नकारांशी बोलता येतं.

टीपीएम म्हणजे पासवर्डच्या आणि डिस्क कुलूपबंद करण्याच्या किल्ल्या सांभाळणारा छोटासा भाग. अनेकांना वाटतं, ही वेगळी विकत आणायची चिप आहे. २०१६च्या आसपासच्या आणि नंतरच्या बऱ्याच डेस्कटॉपमध्ये हे काम प्रोसेसर-चिपसेटच्या आतलं फर्मवेअरच करतं. इंटेल त्याला पीटीटी म्हणतं, एएमडी एफटीपीएम. फक्त ते कारखान्यातून बंद होऊन यायचं, कारण तेव्हा कुणाला त्याची गरज नव्हती. विंडोजच्या रन चौकटीत ‘टीपीएम डॉट एमएससी’ टाकलं आणि ‘टीपीएम सापडत नाही’ असं उत्तर आलं, तर त्याचा अर्थ ‘नाही’ असा घ्यायची घाई करू नये. रिस्टार्ट करून डिलीट किंवा एफ२ दाबत बायोसमध्ये जावं. नावाचा मात्र सगळा गोंधळ आहे. असूसच्या बऱ्याच बोर्डांवर ही सेटिंग ‘पीसीएच-एफडब्ल्यू’ नावाच्या पानात लपलेली असते, एमएसआयवर ‘सिक्युरिटी डिव्हाइस सपोर्ट’ म्हणून दिसते, कुठे ‘ट्रस्टेड कॉम्प्युटिंग’ म्हणतात. सहाव्या-सातव्या पिढीच्या एच११० बोर्डावर ती बहुधा सापडते. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या एच६१ बोर्डावर, ज्यांनी एके काळी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरची असेंबल्ड पीसींची दुकानं भरलेली असायची, ती जवळजवळ कधीच सापडत नाही.

सापडली नाही तर बायोसची नवी आवृत्ती बघावी. २०२१मध्ये विंडोज ११ येताच बोर्ड बनवणाऱ्यांनी जुन्या मॉडेलांसाठीही आवृत्त्या काढल्या. पण बायोस अपडेट चालू असताना लाइट गेली, तर बोर्ड कायमचा मरू शकतो. यूपीएसची बॅटरी तीन वर्षं बदललेली नसेल, तर आधी ती तपासावी. आणि ज्यांच्या डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप चालू आहे त्यांनी ते थोडा वेळ स्थगित करावं, ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. बायोस बदलल्यावर मशीन ती मागतं, आणि तेव्हा ती त्याच मशीनच्या आत असली तर उपयोग शून्य.

टीपीएमपेक्षा मला सिक्युअर बूटची अट जास्त रंजक वाटते, कारण ती थेट डिस्कच्या मांडणीपर्यंत नेते. सिक्युअर बूट म्हणजे मशीन सुरू होताना फक्त सही तपासलेलाच प्रोग्रॅम चालू देणारी सोय. तिला यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होणारं मशीन लागतं. रनमध्ये ‘एमएसइन्फो३२’ टाकलं, की ‘बायोस मोड’च्या पुढे ‘यूईएफआय’ किंवा ‘लेगसी’ लिहिलेलं दिसतं. आपल्याकडच्या असंख्य मशीनचा इतिहास सारखाच आहे. बोर्ड यूईएफआयचा, पण २०१२-१३मध्ये त्यावर विंडोज ७ टाकली ती जुन्या लेगसी पद्धतीने, कारण टाकणाऱ्याच्या डीव्हीडीला तीच सवय. २०१५च्या जुलैपासून विंडोज १० फुकट मिळू लागली, तेव्हा लोकांनी त्याच पायावर ती चढवली. त्यामुळे वर विंडोज १० आणि खाली १९८३मध्ये डॉसबरोबर आलेली एमबीआर मांडणी, असं ते दुमजली घर आहे.

एमबीआरवरून जीपीटी या नव्या मांडणीवर यायला पूर्वी डिस्क पुसावीच लागायची. २०१७च्या आवृत्तीपासून विंडोज १०मध्येच ‘एमबीआर-टू-जीपीटी’ नावाचं साधन आहे आणि ते डेटा न पुसता हे काम करतं. आधी फक्त तपासणी करून बघायची, मग रूपांतर. आणि तपासणीतच आपल्याकडची मशीन दणादण नापास होतात. कारण गंमतशीर आहे. या साधनाला डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन चालतात आणि एक्स्टेंडेड पार्टिशन अजिबात चालत नाही. आता आपल्या असेंबल्ड पीसीची डिस्क आठवा: सीमध्ये विंडोज, डीमध्ये काम, ईमध्ये गाणी, एफमध्ये लग्नाचे फोटो. चार ड्राइव्हशिवाय पीसी दिला तर गिऱ्हाईक समाधानी व्हायचं नाही. शंभर एमबीचं लपलेलं ‘सिस्टीम रिझर्व्ह्ड’ पार्टिशन धरलं की झाली पाच, म्हणजे त्यांतली काही एक्स्टेंडेडच्या पोटात. उपाय एवढाच, की मागचे ड्राइव्ह बाहेरच्या डिस्कवर उतरवून ते पार्टिशन काढून टाकायचे आणि मग रूपांतर करायचं. लग्नाचे फोटो आधी बाहेर, हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक सापळा एसएसडी टाकलेल्या मशीनमध्ये असतो. वेगासाठी कुणी तरी नवी एसएसडी बसवतं, जुनी हार्डडिस्क जोडलेली ठेवूनच विंडोज टाकतं. विंडोज जाते एसएसडीवर, पण मशीन सुरू करणारा भाग जुन्या डिस्कच्या पार्टिशनमध्येच बसतो. वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. अपग्रेड करताना मात्र रूपांतराचं साधन एसएसडीवर सुरुवातीचा भाग शोधतं आणि हात हलवत परत येतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘सिस्टीम’ ही चिठ्ठी कुठल्या डिस्कवर आहे हे बघितलं, की पाच मिनिटांत उलगडा होतो.

रूपांतर झालं की लगेच बायोसमध्ये जाऊन सीएसएम म्हणजे जुन्या पद्धतीचा आधार बंद करायचा, नाहीतर मशीन त्या डिस्कवरून सुरू होणार नाही. आणि इथे काहींच्या पोटात गोळा येतो, कारण सीएसएम बंद केल्यावर पडदा काळाच राहतो. बोर्ड गेला असं समजू नये. २०१२च्या आसपासच्या बऱ्याच ग्राफिक्स कार्डांना यूईएफआय पद्धतीने चित्र दाखवता येत नाही, त्यासाठी लागणारा भाग त्यांच्या चिपमध्ये नसतो. कार्ड काढून मॉनिटरची वायर बोर्डाच्या पोर्टला लावली की चित्र बहुतेक वेळा परत येतं. मग प्रश्न एवढाच उरतो, की ते कार्ड हवंच आहे का. ऑफिसच्या कामाला नको असतं.

याच ठिकाणी एका कवडीमोल वस्तूविषयी सांगायला हवं: बोर्डावरची गोल बॅटरी, सीआर२०३२, तीन व्होल्ट. ती घड्याळ आणि बायोसच्या सेटिंग्ज जिवंत ठेवते. सात-आठ वर्षांत ती संपते आणि मशीन सकाळी उठतं तेव्हा तारीख काही वर्षं मागे गेलेली असते. तारीख चुकली की वेबसाइटची सुरक्षा प्रमाणपत्रं मशीनला खोटी वाटतात, विंडोज अपडेट जोडणीच नाकारतं, आणि लोक इंटरनेटवाल्याशी भांडतात. याहून वाईट म्हणजे बायोस मूळ पदावर जातो. कष्टाने बंद केलेला सीएसएम पुन्हा चालू, चालू केलेलं पीटीटी पुन्हा बंद. डिस्कची पद्धत एएचसीआयवरून आयडीईवर गेली, तर ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असं लिहिलेला निळा पडदा. अपग्रेड काल चाललं आणि आज मशीन उठत नाही, अशा तक्रारीत मी सर्वांत आधी घड्याळ बघेन. बॅटरी बदलायला शंभर रुपयेही लागत नाहीत.

समजा, सगळे दरवाजे उघडले आणि अपग्रेड सुरू झालं. मध्येच आपटलं तर पडद्यावर एक कोड येतो, आणि बहुतेक लोक तो न लिहून घेता खिडकी बंद करतात. तो लिहून घ्यावा, निदान मोबाइलवर फोटो काढावा. सगळ्या कोडांच्या आधी शून्य-एक्स असतं, ते इथे सोडून देतो. जुन्या डेस्कटॉपवर सर्वांत जास्त दिसणारा कोड सी१९००१०१, आणि त्याच्यापुढे आणखी एक आकडा, उदाहरणार्थ २००१७ किंवा ३००१८. पहिला भाग इतकंच सांगतो की गाडी मागे फिरली, आणि बहुधा एखाद्या ड्रायव्हरमुळे. माहिती दुसऱ्या भागात आहे. पिनकोडचा पहिला आकडा जसा विभाग सांगतो, तसा इथला पहिला आकडा टप्पा सांगतो. १ म्हणजे जुनी विंडोज चालू असतानाची तयारी. २ म्हणजे जुनी विंडोज बंद झाली, नवी अजून उठली नाही, मधल्या छोट्या तात्पुरत्या प्रणालीवर काम चाललंय. ३ म्हणजे नव्या विंडोजची पहिली सुरुवात, ४ म्हणजे दुसरी.

यावरून संशयित निवडता येतात. १ मध्ये अडलं तर जागा, बिघडलेल्या फायली किंवा एखादा न जुळणारा प्रोग्रॅम. २ मध्ये अडलं तर हार्डवेअरच्या जवळचं काही तरी: बायोसची आवृत्ती, डिस्क, अँटिव्हायरसने खोल रुतवलेला ड्रायव्हर, लावलेलाच राहिलेला पेनड्राइव्ह. ३ मध्ये अडलं तर नव्या विंडोजने ज्यांना पहिल्यांदा हाक मारली ते, म्हणजे ग्राफिक्स, साउंड, नेटवर्क. जुनं टीव्ही ट्यूनर कार्ड किंवा स्वस्तातला वायफाय डोंगल इथे हमखास पकडला जातो. ४ मध्ये अडलं तर युजरच्या फायली नव्या घरात नेताना किंवा सेवा उठताना. म्हणून जुना, पण अजूनही उत्तम सल्ला असा, की अपग्रेडच्या आधी कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर सोडून सगळ्या वायरी काढाव्यात, बाहेरचा अँटिव्हायरस बंद नव्हे तर अनइन्स्टॉल करावा. ही अंधश्रद्धा नाही. संशयितांची संख्या कमी करणं आहे.

ज्याला मुळाशी जायचंय त्याच्यासाठी मायक्रोसॉफ्टचंच ‘सेटअपडायग’ हे साधन आहे. अपग्रेडने लिहून ठेवलेल्या नोंदी ते वाचतं आणि कुठल्या ड्रायव्हरवर अडलं ते बऱ्याचदा नावानिशी सांगतं. या नोंदी सी ड्राइव्हवरच्या एका लपलेल्या फोल्डरात, ‘पँथर’ नावाच्या कप्प्यात असतात. हाताने वाचायला गेलं तर हजारो ओळी, पण शेवटच्या पन्नास ओळींत गुन्हेगार असण्याची शक्यता दांडगी. शिवाय सेटअपला नुसती तपासणी करून थांबायलाही सांगता येतं. त्यात अडचण नसेल तर सी१९००२१० असा कोड येतो. कोडासारखा कोड, पण तो आनंदाचा आहे.

बाकीचे कोड सोपे. ८००७००७० म्हणजे जागा नाही. सी ड्राइव्हवर निदान २०-२५ जीबी मोकळी हवी; १२० जीबीच्या एसएसडीवर ती सहसा नसते. ८००७३७१२ म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या फायली बिघडल्यात. विंडोजमधल्याच डीआयएसएम आणि त्यानंतर एसएफसी या कमांडांनी, याच क्रमाने, दुरुस्ती चालवावी. सी१९००२०८ म्हणजे एखादा प्रोग्रॅम आडवा आलाय. आणि ‘सिस्टीम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आलं नाही’ हा निरोप म्हणजे ते लपलेलं शंभर एमबीचं पार्टिशन भरलंय. सीमध्ये शंभर जीबी मोकळी असली तरी त्याचा इथे काही उपयोग नाही, आणि हेच लोकांना पटत नाही. त्यात अनेक भाषांचे फॉन्ट पडून असतात, ते पुसले की पुरेशी जागा होते आणि मायक्रोसॉफ्टही हाच उपाय सांगतं. जानेवारी २०२४मध्ये रिकव्हरी पार्टिशन लहान पडल्यामुळे जगभरच्या विंडोज १०वर एक अपडेट ८००७०६४३ या कोडाने नापास होत राहिला. तेव्हा कंपनीने घरगुती वापरणाऱ्यांनाही कमांड टाइप करून पार्टिशन मोठं करायला सांगितलं होतं! दहा वर्षांपूर्वी कुणी तरी ठरवलेला पार्टिशनचा आकार असा आडवा येतो.

कोडांच्या पलीकडची एक शक्यता म्हणजे हार्डडिस्कच थकलेली असणं. अपग्रेडमध्ये डिस्कवर एका बैठकीत जेवढं वाचन-लेखन होतं तेवढं एरवी कधी होत नाही. त्यामुळे आजवर झाकलेले खराब सेक्टर याच वेळी उघडे पडतात आणि दोष अपग्रेडला जातो. डिस्कचा स्मार्ट अहवाल आधी बघावा. त्यात ‘रीअलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ सेक्टरांचा आकडा वाढत असेल तर अपग्रेडचा विचार सोडून आधी बॅकअप, मग एसएसडी. खरं तर चांगली डिस्क असली तरी मी तेच म्हणेन. फिरत्या हार्डडिस्कवर विंडोज ११ नियमात बसते, पण ती वापरणाऱ्याच्या सहनशक्तीत बसत नाही.

अपग्रेड पार पडलं तरी पहिले दहा दिवस महत्त्वाचे. जुनी विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरात राहते आणि दहा दिवसांत सेटिंग्जमधून परत जाता येतं. त्यानंतर ती पुसली जाते. या दिवसांत प्रिंटर, स्कॅनर, बायोमेट्रिक, सगळं एकदा चालवून बघावं. डीटीपीवाल्यांनी तर पहिल्याच दिवशी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सीडॅकचं आयएसएम यांच्या जुन्या आवृत्त्यांवर आजही कित्येक लग्नपत्रिका आणि दिवाळी अंक जुळवले जातात. असल्या जुन्या प्रोग्रॅमबरोबर हार्डवेअर लॉक म्हणजे डोंगल असेल तर त्याचा ड्रायव्हरही त्याच काळातला असतो. विंडोज ११मधलं ‘मेमरी इंटिग्रिटी’ हे संरक्षण जुने ड्रायव्हर अडवतं. डोंगल लावलाय, दिवा पेटलाय, पण प्रोग्रॅम म्हणतो डोंगल नाही, असं झालं तर आधी निर्मात्याचा नवा ड्रायव्हर मिळतो का पाहावं. ते संरक्षण बंद करूनही काम होतं, पण मग विंडोज ११ घेतली कशासाठी, हा प्रश्न उरतोच.

आता वाकड्या वाटेविषयी. रूफस नावाच्या मोफत साधनाने टीपीएम आणि सिक्युअर बूटची तपासणी वगळणारा पेनड्राइव्ह बनवता येतो. रजिस्ट्रीतल्या एका नोंदीने प्रोसेसरची अट ढिली करायची युक्ती तर मायक्रोसॉफ्टनेच २०२१मध्ये स्वतःच्या मदतपानावर दिली होती आणि २०२५च्या सुरुवातीला गुपचूप काढून टाकली. सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीनवर ही वाट चालते, रोजच्या वापरात काही कमी पडत नाही. पण अशा मशीनना अपडेट मिळण्याचा हक्क नाही असं कंपनीने स्पष्ट लिहिलंय. मासिक दुरुस्त्या आजवर येत राहिल्या, मात्र वर्षाची मोठी आवृत्ती पुन्हा हातानेच चढवावी लागते. घरच्या, मुलांच्या अभ्यासाच्या पीसीवर मी हे करेन. सीएच्या ऑफिसात किंवा दवाखान्यात, जिथे दुसऱ्यांची माहिती आहे, तिथे करणार नाही.

ज्यांना सध्या काहीच करायचं नाही त्यांच्यासाठी विंडोज १०ला १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याची सोय आहे. त्यासाठी २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात ठेवला तर पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलर. एच६१च्या पिढीसाठी मला लिनक्स मिंट हा सगळ्यांत सरळ मार्ग वाटतो. त्याच्या २२व्या आवृत्तीला २०२९पर्यंत आधार आहे, आणि ब्राउझर, ईमेल, युनिकोड मराठी टायपिंग यांत ती कुठे कमी पडत नाही. टॅली किंवा कोरलड्रॉ हवं असेल तर मात्र नाही. आणि ज्या मशीनवर फक्त जुनं डीटीपीच चालतं, तिथे विंडोज ७ असली तरी इंटरनेटची वायर काढून, तिला तशीच राहू देणं हा शहाणपणाचा निर्णय आहे.

मशीन बदलायचंच ठरलं तर नवंच घेतलं पाहिजे असं नाही. कंपन्यांनी काढून टाकलेले आठव्या-नवव्या पिढीचे ब्रँडेड डेस्कटॉप रिफर्बिश्ड बाजारात भरपूर आहेत आणि आय५-८५०० विंडोज ११च्या यादीत बसतो. दुकानदार ‘आय५ आहे साहेब’ एवढंच सांगेल. त्यापुढचे चार आकडे विचारावेत. पैसे देण्याआधी तिथेच मशीन चालू करायला लावून टीपीएम २.० दिसतो का, बायोस मोडपुढे यूईएफआय आहे का आणि विंडोज अॅक्टिव्हेट झालेली आहे का, ही तीन पानं उघडून दाखवायला सांगावं. कॅबिनेट पुसून चकचकीत केलेलं असतंच.